वाऱ्यावर सोडलेली रांग

७ डिसेंबर २०२४, शनिवार. लिव्हरपूल शहरात दुपारी साडेबाराला एव्हर्टन आणि लिव्हरपूल या दोन सख्ख्या शेजाऱ्यांचा सामना ठरला होता. एव्हर्टनचं गुडिसन पार्क हे १८९२ पासूनचं मैदान त्या मोसमानंतर सुटणार होतं, त्यामुळे तिथली ही शेवटची लीग डर्बी. तिकिटं केव्हाच संपलेली. सकाळी जाहीर झालं की सामना होणार नाही. दाराघ नावाचं वादळ ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळलं होतं आणि मैदानाच्या आसपास वाऱ्याचे झोत इतके जोराचे होते की लोकांच्या जिवाला धोका आहे, असं पोलीस, महापालिका आणि क्लब यांच्या सुरक्षा बैठकीत ठरलं. ‘मैदानाच्या आसपास’ हे शब्द महत्त्वाचे. खेळपट्टीची कुणाची तक्रार नव्हती. चिंता होती ती घरून निघून, गाडी पकडून, गल्लीबोळांतून चालत येणाऱ्या आणि तसंच परत जाणाऱ्या माणसांची. तो सामना पुढे १२ फेब्रुवारी २०२५ ला झाला, आणि जेम्स टार्कोव्स्कीने अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला चेंडू जाळ्यात ठोकून २-२ अशी बरोबरी साधली. ते सगळ्यांच्या लक्षात आहे. मला त्या रद्द झालेल्या शनिवारात जास्त रस आहे, कारण गुडिसन पार्क नदीपासून चांगलं आत, चाळवजा घरांच्या दाटीत आहे. आणि काही महिन्यांतच हा क्लब अगदी नदीच्या ओठावर राहायला गेला.

नव्या जागेचं मूळ नाव ब्रॅमली-मूर डॉक. जेसी हार्टली या इंजिनिअरने बांधलेली ही गोदी १८४८ मध्ये खुली झाली. मर्सी नदीत भरती-ओहोटीचा फरक मोठ्या उधाणाला जवळपास दहा मीटरपर्यंत जातो, म्हणून लिव्हरपूलला दारं लावून पाणी कोंडून ठेवणाऱ्या गोद्यांची लांबच लांब माळ ओवावी लागली. तिच्यातला हा उत्तरेकडचा एक मणी. पुढे इथून कोळसा जाऊ लागला, मग व्यापार आटला आणि गोदी ओस पडली. २०२१ च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. आतले मासे पकडून शेजारच्या गोदीत सोडले, आयरिश समुद्राच्या तळातून उपसून आणलेली सुमारे पाच लाख घनमीटर वाळू ओतली आणि हार्टलीच्या दगडी भिंती आहेत तशा वाळूखाली झाकून टाकल्या. त्याच जुलैत युनेस्कोने लिव्हरपूलच्या बंदर परिसराचा जागतिक वारशाचा दर्जा काढून घेतला. दिलेल्या कारणांत हे स्टेडियमही होतं. शहराने फार अश्रू ढाळले नाहीत. पडीक गोदीपेक्षा भरलेलं मैदान बरं, असा तिथला सर्वसाधारण सूर होता, आणि मला तो समजतो.

आता तिथे हिल डिकिन्सन स्टेडियम आहे. बावन्न हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात. दक्षिणेचा एकसलग उभा चढता स्टँड एकटा तेरा हजारांच्या घरात माणसं घेतो. २४ ऑगस्ट २०२५ ला पहिला लीग सामना झाला, एव्हर्टनने ब्रायटनला २-० हरवलं, पहिला गोल इलिमान एन्जाएने केला, जॉर्डन पिकफर्डने पेनल्टी अडवली. मे महिन्यात गुडिसनवरच्या पुरुष संघाच्या शेवटच्या सामन्यातले दोन्ही गोलही एन्जाएचेच होते. इमारतीबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधावा लागतो. तक्रारी सुरू होतात त्या शिट्टी वाजल्यानंतर.

कारण साधं आहे आणि ते नकाशावर दिसतं. गुडिसनला चारही बाजूंनी रस्ते होते. सामना सुटला की चाळीस हजारांच्या आतली ती गर्दी दहा दिशांना पांगायची; कुणी बसला, कुणी कर्कडेल स्टेशनकडे, कुणी दोन गल्ल्या सोडून घरी. नव्या मैदानाच्या पश्चिमेला नदी. दक्षिणेला नेल्सन डॉकचं पाणी. उत्तरेला शहराचं सांडपाणी शुद्ध करणारा भलामोठा प्रकल्प, ज्याची आठवण वारा उत्तरेकडून असला की नाकाला आपोआप होत असणार. उरली फक्त पूर्व बाजू, आणि तिथेही हार्टलीची ग्रॅनाइटची उंच कोट-भिंत उभी आहे. चोऱ्या होऊ नयेत म्हणून बांधलेली ही भिंत वारसा म्हणून जपायची असल्याने तिच्यात मोजक्या जागी दारं पाडली आहेत. म्हणजे गुडिसनपेक्षा तेरा हजार माणसं जास्त आणि बाहेर पडायला एकच दिशा. पाण्याकाठचं मैदान छायाचित्रात जितकं मोकळं दिसतं तितकंच ते पायी जाणाऱ्याला कोंडणारं असतं.

भिंतीबाहेर रीजंट रोड आहे. गोद्यांना समांतर जाणारा हा सरळसोट रस्ता सामन्याच्या आधी आणि नंतर गाड्यांना बंद करतात. त्यावरून दक्षिणेला निघालं की शहराचा मध्य पायी अर्ध्या तासावर. वाटेत स्टॅन्ली डॉकचं प्रचंड तंबाखू गोदाम लागतं. १९०१ सालची ही इमारत जगातल्या सर्वांत मोठ्या विटांच्या इमारतींत गणली जाते. तिच्यासमोर रस्ता एका उचलत्या पुलावरून जातो आणि गर्दी तिथे आवळते. तरुण, धडधाकट माणसाला ही अर्ध्या तासाची पायपीट आवडते. वाटेवर पब आहेत, गाणी आहेत, नदीचा वास आहे. जिंकून निघालेल्याला तर अंतर जाणवतही नाही. पण गुडिसनला पन्नास-पन्नास वर्षं येणारे आजोबा नव्या जागी पोचल्याशिवाय नवं मैदान त्यांचं होत नाही, आणि त्यांच्यासाठी अर्धा तास म्हणजे पाऊण-एक तास.

बाकीच्यांची भिस्त रेल्वेवर. जवळचं स्टेशन सँडहिल्स, मर्सीरेलच्या नॉर्दर्न लाइनवर, मैदानापासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर. गंमत अशी की एव्हर्टनच्या पाठिराख्यांना सँडहिल्स नवं नाही. गुडिसनला जाणारी सामन्याची बस इथूनच सुटायची. पण तेव्हा ते दुय्यम होतं, आता तेच मुख्य दार झालं.

हे स्टेशन आहे तरी केवढं? रस्त्याच्या वर, बांधावर, दोन रुळांच्या मधोमध एकच फलाट. दादरच्या कुठल्याही फलाटावर सकाळी सव्वानऊला उभ्या राहिलेल्या माणसाला हे पाहून हसू येईल. साउथपोर्ट, ऑर्म्सकर्क आणि कर्कबीच्या बाजूने येणाऱ्या तीन शाखा इथे एकत्र होतात आणि शहराकडे जातात. प्रत्येक शाखेवर दिवसा साधारण दर पंधरा मिनिटांनी गाडी, म्हणजे शहराच्या दिशेने तासाला बारा. गाड्या नव्या आहेत, स्विस कंपनी स्टॅडलरने बांधलेल्या, २०२३ पासून धावणाऱ्या. डबा आणि फलाट एका पातळीत, व्हीलचेअर सहज आत जाते. पण चार डब्यांच्या. उभे आणि बसलेले धरून एका गाडीत पाचशेच्या आतबाहेर माणसं. गणित कुणीही करावं: बारा गाड्या, प्रत्येकी पाचशे, तासाला सहा हजार. त्याही मागच्या स्टेशनांवरून पूर्ण रिकाम्या आल्या असं धरून. फक्त दक्षिणेच्या स्टँडमधली माणसं शहराकडे न्यायची म्हटली तरी दोन तास. म्हणून सामन्याच्या दिवशी सेवा वाढवतात, जिथे जमतं तिथे दोन गाड्या जोडून आठ डब्यांची करतात, आणि तरीही रांग लागते.

तिच्यासाठी स्टेशनाबाहेर कठडे लावून खास पट्टा आखला आहे. शहराकडे जाणारे एका बाजूला, उत्तरेकडे जाणारे दुसऱ्या बाजूला. फलाटावर एका वेळी किती माणसं सोडायची हे खाली उभे असलेले कर्मचारी ठरवतात, कारण दोन्हीकडून गाड्या येणाऱ्या मधल्या फलाटावर चेंगराचेंगरी म्हणजे काय हे या शहराला कुणी शिकवायला नको. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत या शहराच्या दुसऱ्या क्लबचे ९७ पाठिराखे गेले. त्यामुळे लिव्हरपूलमध्ये गर्दी थोपवून धरल्याबद्दल कुरकुर होते, पण तो कठडा काढा असं शहाणा माणूस म्हणत नाही. रांग सावकाश सरकते. एक घोळका सोडतात, वर गाडी येते, भरते, जाते. मग पुढचा घोळका. लोक फोनवर दुसऱ्या सामन्यांचे निकाल बघतात, पंचाला शिव्या घालतात, पोराला खांद्यावर घेतात, आणि कॉलर वर करून पाठ नदीकडे करतात.

पाठ नदीकडे, कारण वारा तिकडून येतो.

मर्सीचं मुख वायव्येला लिव्हरपूलच्या उपसागरात उघडतं आणि या किनाऱ्यावर पश्चिमेचे वारे बाराही महिने येत-जात असतात. आपल्या हिशेबाने इथे पाऊस फारसा नाही. मुंबईच्या वार्षिक पावसाच्या निम्म्याहूनही कमी. पण मुंबईचा पाऊस डोक्यावर पडतो, इथला तोंडावर येतो. छत्री उलटी होते, म्हणून जाणकार ती आणतच नाहीत. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. आणि इंग्लिश फुटबॉलचा मोसम ऑगस्ट ते मे, म्हणजे बरोबर सगळा हिवाळा पोटात घेऊन चालतो. वानखेडेवर ऐन जुलैत सामना लावायची छाती कुणाची होत नाही. इंग्रज मात्र आपल्या सगळ्यात वाईट हवेतच सगळ्यात जास्त सामने लावतो. नाताळनंतरचे दिवस तर त्यांना सणासारखे.

मैदान आखणाऱ्यांनी वाऱ्याचा विचार केला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ब्रिटनमध्ये मोठी इमारत उभारताना तिच्या पायथ्याशी वारा कसा वाहील याचा अहवाल महापालिका मागते. त्यासाठी लॉसन नावाच्या तज्ज्ञाचे निकष वापरतात. ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सरासरी वारा सेकंदाला चार मीटरपर्यंत असेल तर माणूस निवांत बाकावर बसू शकतो. सहापर्यंत उभा राहू शकतो. आठपर्यंत रमतगमत चालू शकतो. दहापर्यंत, कामावर झपझप निघालेला असेल तर खपवून घेतो. ही मर्यादा वर्षातल्या वेळेच्या फार तर पाच टक्के ओलांडली जावी, असा दंडक. पंधराच्या वर गेला की अशक्त माणसाचा तोल जाऊ शकतो, आणि तसं वर्षातून एक-दोन तासांपेक्षा जास्त होणार असेल तर आराखडा बदलायचा.

इमारत वाऱ्याला नुसती अडवत नाही, वळवतेही. नदीवरून आलेला झोत पश्चिमेच्या उंच भिंतीवर आपटला की त्यातला काही खाली उतरतो आणि कोपऱ्यांशी वेग घेऊन बाहेर पडतो. नेमके तिथेच जिने, दारं आणि माणसं असतात. म्हणून आराखड्यात वाऱ्याचा जोर मोडणारे आडोसे योजले होते. आत, खेळाच्या पातळीवर, चारही स्टँडच्या कुशीत बरंच शांत असतं. मैदान दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे पश्चिमेचा वारा स्टँडच्या माथ्यावरून आडवा जातो. तो खाली उतरला की उंच मारलेला चेंडू कुठे पडेल ते गोलरक्षकालाही पडेपर्यंत कळत नाही, पण दोन्ही संघांना ते सारखंच भोवतं. याहून वाईट उदाहरणं जगात आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी १९६० साली बांधलेलं कँडलस्टिक पार्क वाऱ्यासाठी इतकं बदनाम होतं, की १९६१ च्या बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्यात स्टू मिलर हा गोलंदाज ऐन फेकीच्या वेळी झोताने हलला आणि पंचांनी त्याला दोषी धरलं. तो उडूनच गेला अशी दंतकथा झाली. वारा खेळाडूचं नाव काढतो; रांगेतल्या माणसाचं नाव कुणी छापत नाही.

माझा आक्षेप इथेच आहे. लॉसनच्या निकषांत चालणारा आणि उभा राहणारा यांच्यासाठी वेगळी मर्यादा आहे. चालणाऱ्याचं अंग तापतं, तो आठ-दहा मीटरचा वारा झेलतो. थांबलेल्याला सहाच सोसवतो. मैदानापासून स्टेशनपर्यंतची वाट कागदावर चालायची असली, तरी सामना सुटल्यावर तिचा शेवटचा तुकडा ही उभं राहायची जागा होते, अर्धा तास, पाऊण तास. वाहतुकीचं खातं वेगळं, हवेचं खातं वेगळं, अशी विभागणी झाली की ही गोष्ट दोघांच्याही टेबलावरून निसटते. गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर वेळापत्रकात दहा मिनिटं लिहिली जातात. भिजलेल्या पोराच्या दातखिळीची नोंद कशात करायची?

लिव्हरपूलकडे हे कोडं एकदा सुटलेलं होतं, म्हणून जास्त चुटपुट लागते. १८९३ च्या फेब्रुवारीत लॉर्ड सॅलिसबरी यांच्या हस्ते तिथे ओव्हरहेड रेल्वे सुरू झाली. गोद्यांच्या कडेने लोखंडी खांबांवरून धावणारी ही विजेवरची उंच रेल्वे जगातली तशी पहिली. आपल्याकडे विजेची पहिली गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली १९२५ साली, यावरून तिचं वय समजावं. सुमारे दहा किलोमीटरच्या या मार्गावर प्रत्येक महत्त्वाच्या गोदीला स्टेशन होतं. ती ब्रॅमली-मूरच्या अगदी दारावरून जायची. तिथे कोळशाच्या वॅगनींचा मार्ग आणखी वरून गोदीत शिरायचा, म्हणून तिला त्याच्याखालून डुबकी मारून पुन्हा वर यावं लागे. आणि वर रूळ असल्याने खाली आपोआप छप्पर झालं होतं. पावसात गोदी कामगार तिच्याखालून चालत कामावर जायचे, म्हणून तिला ते ‘डॉकरांची छत्री’ म्हणायचे. वाहतूक आणि आडोसा, दोन्ही एकाच लोखंडात. तिच्याखालून कोळशाची इंजिनं धूर सोडत जायची, त्याने आणि खाऱ्या हवेने लोखंड कुजलं, दुरुस्तीचा खर्च कंपनीला झेपेना, सरकारने हात वर केले. १९५६ च्या डिसेंबरअखेर ती बंद झाली आणि पुढे मोडून भंगारात गेली. आज ती असती तर ब्रॅमली-मूरला दारात स्टेशन मिळालं असतं. नॉस्टॅल्जिया म्हणून सोडून द्यावं असं हे नाही. नव्या मैदानाचा खर्च सात-आठशे दशलक्ष पौंडांच्या घरात सांगितला जातो. त्यात पोचायची वाट मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळापेक्षा एक पायरी खालची आहे.

मोटारवाल्यांची कथा थोडक्यात. महापालिकेने मैदानापासून सुमारे अर्ध्या तासाच्या चालीच्या परिघात सामन्याच्या दिवशी परवान्याशिवाय गाडी लावायला बंदी केली. रहिवाशांना हायसं वाटलं. पण या परिघात टेन स्ट्रीट्स नावाचा जुन्या गोदामांचा भाग येतो, तिथल्या छोट्या धंदेवाल्यांनी रस्त्यावर उतरून विरोध केला, कारण त्यांचं गिऱ्हाईक गाडीनेच येतं. मग पैसे भरून लावायच्या जागा वाढवल्या. दोघांचंही म्हणणं खरं आहे आणि हा झगडा प्रत्येक नव्या मैदानापाशी होतो.

मुंबईकराने यावर बोट ठेवावं का? ठेवावं, कारण या दोन शहरांची सोयरीक जुनी आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मुंबईचा कापूस जहाजं भरभरून लिव्हरपूलला जाऊ लागला. नेमका ब्रॅमली-मूरलाच उतरला असं नाही, पण त्याच माळेतल्या गोद्यांत उतरला. तो पैसा मुंबईत आला, शेअरांचा धुडगूस माजला, प्रेमचंद रायचंदांच्या काळात बॅक बेचा समुद्र हटवायच्या योजना निघाल्या आणि १८६५ च्या कोसळीत बुडाल्या. समुद्र पुढे विसाव्या शतकात हटला, त्यावर मरीन ड्राइव्ह आला, आणि १९७५ च्या जानेवारीत वानखेडेवर पहिली कसोटी झाली. म्हणजे दोन्हीकडे भर घातलेली जमीन, दोन्हीकडे पश्चिमेला पाणी. फरक एवढाच की वानखेडेच्या कुशीला रूळ आहेत. चर्चगेट एका अंगाला, मरीन लाइन्स दुसऱ्या अंगाला, आणि बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये मर्सीरेलच्या सात-आठ गाड्यांची माणसं सहज कोंबली जातात. कोंबली जातात हे खरं, त्याचा अभिमान वाटायचं कारण नाही. ४ जुलै २०२४ ला विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बघायला मरीन ड्राइव्हवर जी गर्दी लोटली, तिने हेही दाखवलं की दोन स्टेशनं असूनही समुद्राची बाजू बंदच असते आणि माणसं शेवटी एकाच दिशेने ढकलली जातात. दुसऱ्या सकाळी रस्त्यावर चपलांचे ढीग होते.

लिव्हरपूलकरांनी आपापली युक्ती काढली आहे. काही जण सामना संपला तरी आत, स्टँडमागच्या खाण्यापिण्याच्या जागेत तासभर रेंगाळतात. क्लबलाही ते हवंच आहे, गल्ला वाढतो. काही जण सँडहिल्सकडे न वळता उत्तरेला बँक हॉल स्टेशन गाठतात. तिथे फक्त साउथपोर्टच्या मार्गावरच्या गाड्या थांबतात, पण त्या दिशेने जाणाऱ्याला रांगेपेक्षा चाल परवडते. बाकीचे शहराकडे चालू लागतात. प्रदेशाचे महापौर स्टीव्ह रॉदरम यांनी विमानतळ, शहराचा मध्य आणि दोन्ही क्लबांची मैदानं जोडणाऱ्या, ट्रामसारख्या दिसणाऱ्या पण रुळांशिवाय धावणाऱ्या लांब बसगाड्यांची योजना जाहीर केली आहे. सँडहिल्स स्टेशन वाढवायचीही चर्चा आहे. या सगळ्याला तारीख आहे ती २०२८ च्या युरो स्पर्धेची, कारण हे मैदान तिच्या यजमान मैदानांपैकी एक आहे.

पण युरो असते जून-जुलैत. तेव्हा लिव्हरपूलला रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, वारा बराचसा नरमलेला असतो, पाहुणे अर्ध्या बाह्यांत फिरतात आणि नदीकाठची पायपीट त्यांना सहलीसारखी वाटते. टीव्हीवर सगळं सुरेख दिसेल. रांगेवर छप्पर घालायचं की नाही हे ठरवणाऱ्यांनी तो दिवस धरू नये. त्यांनी जानेवारीतला एखादा बुधवार धरावा. सामना रात्री आठचा, सुटायला दहा वाजलेले, एव्हर्टन हरलेली, वायव्येचा वारा, आणि दुसऱ्या दिवशी पोरांची शाळा.